तीनशे सतरा नंबरचा बिल्ला

मोटरीची लाईट साडेअकराला येणार होती. कांद्याला पाणी द्यायचं तर तोवर जागणं भाग होतं, म्हणून निरगुडसरला अण्णांच्या पडवीत स्वराज आणि वृषाली गोधडी पांघरून बसले होते. स्वराज अण्णांचा पुतण्या, वृषाली त्याची बायको. अण्णांनी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यांच्या तोंडून भुताची गोष्ट कुणी ऐकली नव्हती, आणि म्हणूनच वृषालीनं आज हट्ट धरला होता.

"मला तसल्या गोष्टी येत नाहीत," अण्णा म्हणाले. "एक घडलेलं माहीत आहे. माझ्या वर्गमित्राच्या बाबतीत. त्यानं मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा एकसारखं सांगतो का, ते मी ताडून पाहिलं. तरी माझा पूर्ण विश्वास आहे असं म्हणवत नाही. नाही, असंही म्हणवत नाही."

"अमावास्या व्हती का?" स्वराजनं विचारलं.

"नव्हती. एकोणीस डिसेंबर दोन हजार तेवीस, मंगळवार. आदल्या दिवशी चंपाषष्ठी झालेली. अर्धा चंद्र होता, बाराच्या सुमारास मावळणारा."

"आनि भूत?"

"ते येईल. आधी माणूस येऊ दे."

हा माझा वर्गमित्र हौशीराम कळंबचा. शेतकऱ्याच्या घरातला, पण गणितात डोकं असं की शिष्यवृत्तीवर शिकत शिकत पार अणुऊर्जेपर्यंत पोचला. त्याची नोकरी वीज तयार करायची नव्हती. वीज तयार करणाऱ्यांवर नजर ठेवायची होती. न सांगता केंद्रावर जायचं, नियमाप्रमाणे चाललंय का ते बघायचं, चूक सापडली तर अहवालात लिहायची. त्याच्या सहीनं काम थांबायचं. निवृत्तीनंतर कळंबला घर बांधून राहिला, पण तपासायची खोड गेली नाही. गॅसचं बटण तीनदा बघायचा. गाडीला कुलूप लावून दहा पावलं गेला की परत यायचा. त्याची बायको म्हणायची, "यमाला सुद्धा हे आधी ओळखपत्र मागतील."

त्या मंगळवारी तो डिंभ्याच्या पलीकडे, धरणाच्या काठानं डोंगरात शिरलेल्या एका वाडीत निघाला होता. लंकाबाईचा फोन आला होता. लंकाबाई म्हणजे सावळेरामची बायको. सावळेराम बारा वर्षांपूर्वी वारला. तिचा मुलगा ऋतिक आता एकवीस वर्षांचा, आयटीआय झालेला. समुद्रकाठच्या ज्या अणुवीज केंद्रावर बाप एकदा कामाला गेला होता, तिथंच ठेकेदाराच्या माणसांत ऋतिकचं नाव लागलं होतं. गुरुवारी पहाटे निघायचं होतं.

"साहेब, तुमी त्यातले जाणते," ती फोनवर म्हणाली होती. "एकदा येऊन सांगा, पोराला धाडू का नको. तुमी म्हनाल ते."

हौशीरामनं खंडोबाच्या प्रसादाचा पुडा घेतला, गाडी काढली. मंचर गेलं, घोडेगाव गेलं. सबंध रस्ताभर तो एकच वाक्य मनात जुळवत होता. एकोणीस वर्षं न बोललेलं एक वाक्य.

ते काय होतं, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

दोन हजार चारचा फेब्रुवारी. ते केंद्र दुरुस्तीसाठी पंचेचाळीस दिवस बंद होतं. अशा वेळी आत बरीच साफसफाई असते, आणि ती करायला बाहेरून माणसं आणतात. त्या वर्षी ठेकेदारानं आपल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची चाळीस माणसं नेली. भातं निघाली होती, हात रिकामे होते. हौशीराम नेमका त्याच आठवड्यात तपासणीला गेला. पहिल्याच दिवशी त्यानं पाहिलं, की एक प्रशिक्षक या माणसांना हिंदीतून नियम समजावतोय आणि सगळे माना डोलवताहेत. एकालाही अक्षर कळत नव्हतं.

मग तो पुढं झाला. "मी बोलतो यांच्याशी," म्हणाला.

आता हे त्यानं करायला नको होतं. जो तपासतो त्यानं शिकवायचं नसतं. शिकवण्यात चूक झाली, तर ती पकडणार कोण? तोच? हे त्याला पक्कं माहीत होतं. पण आपली माणसं, आपली बोली, आणि समोर सगळे अधिकारी बघताहेत. त्याला मोह झाला. वीस मिनिटं तो असा बोलला, की माणसं हसली, सैल झाली, प्रश्न विचारायला लागली. शेवटी त्यानं हातात बिल्ला धरला. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, मागं चिमटा, वर नंबर. म्हणाला, "गड्यांनो, हा बिल्ला म्हणजे तुमचा जीव. हा हरवला, भिजला, मळला, तर काम बंद. याला जिवापाड जपायचं."

टाळ्या पडल्या.

हा बिल्ला काही अडवत नाही, वृषाली. तो नुसता टिपतो. माणसाच्या अंगावर जेवढा किरणोत्सर्ग पडतो, तेवढा त्याच्यावर पडतो. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत वाचला की आकडा कळतो. म्हणून जिथं अंग, तिथं बिल्ला. छातीवर. ही एवढीच गोष्ट हौशीरामनं सांगितली नाही. त्याला ती इतकी माहीत होती, की सांगायची असते हेच तो विसरला.

चौथ्या दिवशी तो आतल्या भागाच्या दाराशी तपासणीला गेला. तिथं कपडे बदलायची खोली होती, भिंतीला खुंट्या. एका खुंटीवर प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली, तोंड लाल दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. आत बिल्ला. नंबर तीनशे सतरा.

थोड्या वेळानं सावळेराम आतून आला. घामानं निथळत होता. हौशीरामला बघून हसला.

"हा इथं कसा?" हौशीरामनं विचारलं.

"जपलाय की, साहेब," सावळेराम म्हणाला. "आत लई घान, पानी. भिजल, मळल. म्हून हितं ठिवून जातो. बाकीचे येडे, तसाच लावून जात्यात."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. तुमी सांगितलं तसं."

दारावरच्या माणसानं हे बघायला हवं होतं. तीन पाळ्यांच्या गर्दीत त्यानं बघितलं नाही. पण हौशीरामनं बघितलं. त्याच्या हातात तपासणीचा तक्ता होता. 'सर्व कामगारांनी बिल्ले लावले होते काय?' त्याच्यापुढं रिकामी जागा. नाही लिहिलं तर चौकशी. चौकशीत पहिला प्रश्न, यांना शिकवलं कोणी?

त्यानं 'होय' लिहिलं. सावळेरामला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "उद्यापासून लावून जात जा." का, ते त्या घाईत सांगितलं नाही. आणि सावळेराम दुसऱ्या दिवसापासून लावून जायला लागला का, हे बघायलाही गेला नाही. पाचव्या दिवशी परतला.

एप्रिलमध्ये बिल्ले जमा झाले, वाचले गेले. घरात फळीवर ठेवलेला बिल्लासुद्धा थोडं टिपतो, बरं का. मातीतून, दगडातून, आकाशातून सतत काहीतरी येतच असतं. ते वजा करतात आणि उरलेला आकडा माणसाच्या नावावर लिहितात. तीनशे सतराच्या नावावर आला शून्य. तो कागद हौशीरामच्या टेबलावर आला. त्यानं त्यावरही सही केली.

सात वर्षांनी सावळेराम गेला. रक्ताचा काही आजार होता. त्या कामामुळंच झाला, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. आणि तसं नव्हतं, हेही कुणी सांगू शकत नाही. कारण आकडाच नाही. आकडा हौशीरामनं पुसला होता. हौशीराम त्याच्या मातीला गेला नाही, दहाव्याला गेला नाही. फोनवर दोन शब्द बोलला.

"आनि तरी बाई त्यालाच इचारती?" स्वराज म्हणाला.

"त्यालाच विचारते. त्यांच्याच बोलीत बोलला होता ना तो."

तर हौशीराम वाडीत पोचला तेव्हा सात वाजले होते. लंकाबाईनं नव्या तांदळाचा भात केला होता, वर कुळथाचं पिठलं. ऋतिक समोर मांडी घालून बसला. बापाचंच कपाळ, बापाचंच हसणं. जेवताना हौशीराम तीनदा बोलायला गेला, तीनदा ठसका लागला.

"पानी प्या, काका," ऋतिक म्हणाला. "सावकाश. तपासनी नंतर करा."

लंकाबाई हसली. मग पदराला हात पुसून म्हणाली, "मंग, साहेब? धाडू का?"

हौशीरामनं ताटाकडं बघितलं.

"धाडा," तो म्हणाला. "आता सगळं नियमानं चालतं."

"तुमी सांगितलं म्हंजी झालं," लंकाबाई म्हणाली. आणि पाच किलो तांदळाची पिशवी त्याच्या पुढच्या सीटवर ठेवून आली.

नऊ चाळीसला तो निघाला. अर्धा चंद्र पाण्यावर होता. डिसेंबरात धरण भरलेलं असतं, रस्ता काठाकाठानं वळणं घेत जातो. थंडी मरणाची. हौशीरामनं काचा बंद केल्या. स्वतःशी म्हणाला, 'गुरुवारी पहाटे निघणार ना. उद्या फोन करून सांगू.' मग म्हणाला, 'फोनवर नको. पत्र लिहू.' मग काहीच म्हणाला नाही.

एका वळणावर एसटीची पत्र्याची शेड आहे. तिथं माणूस उभा होता.

तुम्हाला माहीत आहे, रात्रीचा आपल्याकडं कुणी कुणाला रस्त्यावर उभं सोडत नाही. बिबट्याची भीती. ओळख असो नसो, गाडी थांबते. हौशीरामनं थांबवली. माणसानं डोक्याला, कानाला मफलर गुंडाळलेला, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एवढ्या थंडीत.

"कुठं जायचं, पावणं?"

"म्होरं. जरासंच."

"बसा मागं. पुढं तांदूळ आहेत."

माणूस लगेच बसला नाही. गाडीच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी खुडबुड करत राहिला. हौशीरामनं काच खाली केली. "काय झालं? सामान आत घ्या की."

"नको. आत घान व्हईल. बाहेरच बरं."

मग तो मागं बसलेला होता. गाडी निघाली.

हौशीराम म्हणतो, पहिली दोन मिनिटं काहीच वाटलं नाही. उलट सोबत झाली म्हणून बरं वाटलं. त्यानं विचारलं, "एवढ्या रात्री कुठून?"

"कामावरनं."

"कसलं काम?"

"साफसफाईचं."

धरणाच्या काठाला रात्री कसली साफसफाई... असं हौशीरामच्या मनात आलं.

गाडी एक वळण गेली. मागून ओल्या कपड्यांचा वास यायला लागला. ओल्या, आणि जरा धातूसारखा. हा वास हौशीरामला ओळखीचा होता. फार वर्षांपूर्वीचा. तो कुठला, ते त्यानं आठवू दिलं नाही.

"पोरगं चाललंय माजं," माणूस म्हणाला. "परवा. कामाला."

हौशीरामनं गिअर बदलला.

"माज्याच जागी."



"मी त्याला सांगून ठिवलंय," मागचा आवाज म्हणाला. आवाजात राग नव्हता, पोरांनो. रडणं नव्हतं. कौतुक होतं. "म्हनलं, साहेबांनी आमाला समजावलं व्हतं. आपल्या भाषेत. दुसरं कोन समजावतंय? म्हनलं, बिल्ला जपायचा. आत न्यायचा न्हाई. पिशवीत घालायचा, दोरा बांधायचा..."

"सावळेराम," हौशीराम म्हणाला. म्हणजे ओठ हलले. आवाज फुटला का, त्याला माहीत नाही.

"जपलाय की, साहेब."

रस्ता दिसत होता. पाणी दिसत होतं. आरशात बघायचं धाडस नव्हतं.

"एवढी वरसं... मळू दिला न्हाई."

हौशीरामला सांगायचं होतं. तेच वाक्य. आता तर ज्याला सांगायचं तोच मागं बसला होता. अरे, तू नाही चुकलास. मी चुकलो. मी नीट सांगितलं नाही. आणि कळल्यावर लपवलं... सगळं घशापर्यंत आलं.

आलं नाही बाहेर.

"आकडा काय आला व्हता, साहेब?"

...

"माजा. आकडा."

...

"थांबवा. हितंच."

हौशीरामनं ब्रेक दाबला. तिथं वाडी नाही, वाट नाही. रस्त्याची कड संपते आणि पाणी सुरू होतं. तो समोर बघत बसला. किती वेळ, कळलं नाही. मागून काही हललं नाही. मग त्यानं मान वळवली.

सीट रिकामी. कोरडी.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. दार उघडलं की त्या गाडीत वरचा दिवा लागतो. आता लागला नव्हता. शेडपाशी माणूस बसला, तेव्हाही लागला नव्हता.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आता माझा मित्र भित्रा आहे. जन्माचा. त्या जागेवरून तो सरळ कळंबला पळाला असता, तर मला नवल वाटलं नसतं. त्यानं गाडी वळवली. त्याच रस्त्यानं, त्याच शेडवरून, परत वाडीला. मला म्हणाला, त्या शेडची भीती वाटत होती, पण त्या कौतुकाच्या आवाजाची त्याहून जास्त.

लंकाबाईनं दार उघडलं. "काय इसारलं, साहेब?"

"ऋतिकला उठवा," हौशीराम म्हणाला. आणि उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. खुंटी, तक्ता, 'होय', सही. गाडीतलं सोडून सगळं.

ऋतिक उठला, कोपऱ्यातली भरलेली बॅग ओढली, चेन उघडली. कपड्यांवरून एक नवीकोरी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत लाल दोऱ्याची गुंडी.

"मीच भरून दिली," लंकाबाई म्हणाली. "जाताना त्यांनी सांगून ठिवलं व्हतं. पोरगा कधी गेला तर म्हून."

हौशीराम खाली बसला.

लंकाबाई बोलली. आवाज चढवला नाही. "येवढं सांगाया एकोणीस वरसं लागली व्हय, साहेब?"



ऋतिकनं पिशवी चुलीत टाकली. मग विचारलं, "मंग लावायचा कुठं?"

हौशीराम उठला. त्याच्या छातीवर बोट टेकवलं. "इथं. आत जाताना. कायम. भिजला तर भिजू दे. मळला तर मळू दे. तो तुझ्यासाठी आहे, तू त्याच्यासाठी नाहीस."

पोरगा गेला गुरुवारी. आहे अजून तिकडं. बरा आहे.

अण्णा थांबले. शेजारच्या उसातून कसलासा आवाज आला. स्वराजनं बॅटरी मारली, काही नव्हतं.

"संपली?" वृषालीनं विचारलं.

"नाही. हौशीराम त्या घरातून बाहेर आला, गाडीपाशी गेला. मागच्या दाराच्या मुठीला बाहेरून पिशवी टांगलेली होती. ओली, तोंडाला लाल दोरा. त्यानं घरी नेऊन उघडली. आत बिल्ला. तीनशे सतरा."

"पन तो तर जमा केलेला," स्वराज म्हणाला.

"जमा केलेला, वाचलेला. मीही तेच म्हणालो. म्हणालो, अरे, सावळेरामनं एखादा जुना घरी आणला असेल, वाडीतल्या कुणीतरी मुठीला अडकवला असेल. हौशीरामही तसंच समजला. सहा महिने त्यानं तो कपाटात ठेवला, हात लावायचं धाडस नव्हतं. मग त्याच्या हाताखाली शिकलेला एक जण प्रयोगशाळेत आहे, त्याच्याकडं पाठवला. फक्त एवढंच लिहिलं, दोन हजार चारचा बिल्ला आहे, सहा महिने माझ्या कपाटात होता, वाचून कळव. आकडा मोठा येईल, याची त्यानं मनाची तयारी केली होती. पंधरा दिवसांनी फोन आला. तेव्हा मी हौशीरामच्याच घरी होतो. स्पीकर लावलेला होता. तो मुलगा म्हणाला, सर, हा बिल्ला आला कुठून? का रे? तो म्हणाला, शून्य आहे."

"मंग त्यात काय?" स्वराज म्हणाला. "कामाला लावलाच न्हवता."

"हौशीरामही तेच म्हणाला. म्हणाला, नेहमीचं वजा करून शून्य ना? तुझं यंत्र बिघडलं असेल, बिल्ला बिघडला असेल. मुलगा म्हणाला, नाही सर, मी मुद्दाम त्याला किरणांची ठरावीक मात्रा देऊन परत वाचला, बरोबर दाखवतो."

अण्णांनी गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मग म्हणाला, सर, एकोणीस वर्षं सोडा, तुमच्या कपाटातले सहा महिने तरी दिसायला हवेत की नाही? मातीचं नाही. दगडाचं नाही. आकाशाचं नाही. वजा करायलाच काही नव्हतं."